आठवीतल्या मुलाला नववीच्या गणिताला बसवायचं असेल तर: जानेवारीपासून दिवाळीपर्यंतचा क्रम

दर जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी पालक शिक्षकखोलीच्या दाराशी उभे असतात. हातात सातवीचं प्रगतिपुस्तक, गणितात अ-१ श्रेणी, आणि विनंती ठरलेली: "बाई, वर्गात त्याला फार कंटाळा येतो. आठवीत गेलाय, पण गणितापुरतं नववीत बसू द्या ना." विनंती रास्त असते. पण तोवर वेळापत्रक लागलेलं असतं, मधल्या आठवीच्या पुस्तकाला मुलाने हात लावलेला नसतो आणि पुढच्या वर्षी काय करायचं याचा विचार झालेला नसतो. तरीही कधी कधी शाळा हो म्हणते, आणि दिवाळीच्या आत मूल परत येतं.

ठाण्यात नववी-दहावीला गणित शिकवताना मी अशी मुलं वर्गात घेतली आहेत. काही छान रुळली, काही परत गेली. परत गेलेल्यांमध्ये हुशारी कमी नव्हती. आम्ही मोठ्यांनी क्रम उलटा लावला होता. म्हणून खालचे टप्पे त्याच क्रमाने घ्या.

आधी व्यवस्था काय आहे ते समजून घ्या. मुलाचं नाव स्वतःच्या इयत्तेच्या पटावरच राहतं. बाकी सगळे विषय तो आपल्याच वर्गात शिकतो, फक्त गणिताच्या तासाला नववीत जाऊन बसतो. ही शाळेच्या आतली सोय आहे. तिने इयत्ता बदलत नाही आणि बोर्डाची परीक्षाही लवकर देता येत नाही. उदाहरणं मी राज्य मंडळाच्या पुस्तकांतली दिली आहेत. सीबीएसईच्या पालकांसाठी मध्ये थोडं वेगळं लिहिलं आहे.

टप्पा १ (जानेवारी-फेब्रुवारी): मूल पुढे आहे की फक्त आधी शिकलं आहे?

अ-१ म्हणजे ९१ ते १०० टक्के. त्या श्रेणीतून एवढंच कळतं की सातवीचा पेपर मुलाला सोपा जातो. तो किती पुढे जाऊ शकेल, हे सातवीचा पेपर सांगू शकत नाही, कारण पेपर तिथेच संपतो.

दुसरी फसगत क्लासमुळे होते. घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत सहावी-सातवीचे फाउंडेशन क्लास आहेत आणि तिथे आठवी-नववीचे धडे आधीच होऊन जातात. असं मूल 'हे मला येतं' म्हणतं तेव्हा ते खोटं बोलत नसतं. त्याला रीत येते. ती रीत का चालते, हे विचारून पाहावं लागतं.

एका शांत दुपारी मुलाला एकटं बसवा आणि तीन गोष्टी करायला सांगा.

पहिली: (अ + ब)² म्हणजे अ² + ब² का नाही, हे चौरस काढून दाखव. सातवीत वर्गविस्ताराचं सूत्र झालेलं असतं, त्यामुळे सूत्र म्हणून दाखवणारी मुलं पुष्कळ असतात. चौरसाचे चार तुकडे करून दोन अब कुठून आले ते दाखवणारी थोडी.

दुसरी: दोन लागोपाठच्या विषम संख्यांच्या वर्गांतला फरक नेहमी ८ च्या पटीत येतो का? ९ वजा १ आठ, २५ वजा ९ सोळा, ४९ वजा २५ चोवीस. उदाहरणांवर थांबतो, की 'नेहमी' या शब्दाकडे जातो, ते बघा. बरोबर उत्तराची घाई नको. वीस मिनिटं तो प्रश्नाला चिकटून राहिला, तर तेच मला हवं असतं.

तिसरी: मुद्दाम चुकीचं सोडवलेलं एक उदाहरण द्या आणि चूक शोधायला सांगा.

तपासून पाहा: या वेळी आईबाबा खोलीत नकोत. क्लासच्या सरांनी किंवा तुम्हीच ही चाचणी घेतली, तर तिचा उपयोग नाही. मुलाला न शिकवणारे गणिताचे शिक्षक सगळ्यात बरे.

आणि मुलाला स्वतःला विचारा. "तुला जायचंय का?" या प्रश्नाला मुलं आपल्याकडे बघून उत्तर देतात. त्याऐवजी विचारा, "तुझा मित्र गणिताच्या तासाला शेजारी नसेल, चालेल का?" मग खरं उत्तर येतं.

टप्पा २ (फेब्रुवारी): पुढच्या तीन वर्षांचा तक्ता कागदावर काढा

हा टप्पा जवळजवळ सगळे वगळतात. एका पानावर तीन ओळी लिहा: आठवीच्या वर्षी गणित कुठलं, नववीच्या वर्षी कुठलं, दहावीच्या वर्षी कुठलं.

आठवीत नववीचं गणित झालं, नववीत दहावीचं झालं. मग दहावीत? मूल बोर्डाला आपल्या पटावरच्या इयत्तेनेच बसणार. म्हणजे दोन वर्षं धावल्यावर तिसऱ्या वर्षी तेच पुस्तक पुन्हा. वर्षभर न शिवलेल्या त्रिकोणमितीवर धूळ बसलेली असते, आणि 'मला येतंच' या भरवशावर मूल सरावही करत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. आठवीत नववीचं गणित करा, पण नववीच्या वर्षी लगेच दहावीकडे पळू नका. ते वर्ष खोलात जायला द्या: संख्या सिद्धांतातली विभाज्यता, मोजणीच्या युक्त्या, भूमितीतली लांब सिद्धता. आयओक्यूएम ही गणित ऑलिम्पियाडची पहिली परीक्षा आठवीपासून देता येते. तीन तास, तीस प्रश्न, प्रत्येक उत्तर शून्य ते नव्याण्णवमधली पूर्ण संख्या. नववीचं पुस्तक पाठ असलेलं मूलही तिथे अडतं, कारण त्या परीक्षेतला मोठा भाग शालेय पुस्तकात नाहीच. ऑलिम्पियाडचं काम बघणारं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मानखुर्दला आहे, वाशीहून खाडीपूल ओलांडला की पलीकडे. नव्या शैक्षणिक धोरणानेही, म्हणजे २०२० च्या, विशेष कल असलेल्या मुलांसाठी जादा साहित्य आणि गणित मंडळं सुचवली आहेत. शाळेशी बोलताना हा मुद्दा कामी येतो.

सावधान: नववीच्या वर्षी मुलाला कोण शिकवणार, या ओळीसमोर नाव लिहिता येत नसेल, तर उडी एक वर्ष पुढे ढकला. रिकामी ओळ आपोआप भरत नाही.

दोन इयत्तांची उडी, म्हणजे सातवीतल्या मुलाला नववीत, मी सुचवत नाही. मधली दोन पुस्तकं पुरती झाल्याचं वहीत दिसत असेल तरच बोला.

टप्पा ३ (मार्च-एप्रिल): शाळेशी बोलणं आणि अर्ज

थेट मुख्याध्यापकांकडे जाऊ नका. आधी वर्गशिक्षक, मग आत्ताचे आणि पुढचे असे दोन्ही गणिताचे शिक्षक, मग पर्यवेक्षक, आणि शेवटी मुख्याध्यापक. नववीच्या शिक्षकांना वरून आदेश म्हणून हे मूल मिळालं, तर ते त्याला वर्गात बसू देतील, पण वही तपासतीलच असं नाही.

वेळापत्रक हा सगळ्यात मोठा अडथळा आहे. ठाण्यातल्या अनेक शाळा दोन सत्रांत भरतात. तुमच्या शाळेत आठवी दुपारच्या सत्रात आणि नववी सकाळच्या सत्रात असेल, तर गणितासाठी मुलाला रोज सकाळी वेगळं यावं लागेल, मग मधले तास थांबावं लागेल. स्कूल व्हॅन दोनदा फिरत नाही. चालत येण्याइतकं घर जवळ असेल तर जमतं. कासारवडवलीहून नौपाड्यात येणाऱ्या मुलावर हे लादू नये. अशा वेळी आठवड्यातले दोनच तास नववीत आणि बाकीचा अभ्यास वहीवर, अशी तडजोड करता येते. नवी मुंबईत ज्या शाळांमध्ये सहावी ते दहावी एकाच वेळी भरते, तिथे हा प्रश्न नाही. तिथे एकच मागणी करा: आठवीच्या आणि नववीच्या त्या तुकड्यांचा गणिताचा तास एकाच वेळी ठेवावा. वेळापत्रक लावायच्या आधी सांगितलं तर ते शक्य असतं. जूनमध्ये सांगितलं तर सगळ्या शाळेचं वेळापत्रक हलवावं लागतं.

सावधान: तास जुळत नाहीत म्हणून चित्रकलेचा किंवा पीटीचा तास कापू नका. मूल दोन महिने आनंदाने जातं, मग गणितावरच राग धरतं.

अर्ज एका पानाचा ठेवा. गुणगान नको. त्यात एवढं असावं:

"माझा मुलगा/मुलगी जूनपासून इयत्ता आठवीत शिकेल. गणित विषयाच्या तासाला त्याला/तिला नववीच्या वर्गात बसण्याची परवानगी मिळावी. आठवीच्या पाठ्यपुस्तकावर जूनमध्ये शाळेने चाचणी घ्यावी आणि तिच्या निकालावर परवानगी अवलंबून असावी, हे आम्हाला मान्य आहे. आठवीच्या सर्व परीक्षा तो/ती आपल्या वर्गाबरोबरच देईल. दिवाळीच्या सुट्टीआधी शिक्षक आणि पालक मिळून व्यवस्थेचा फेरविचार करतील."

चाचणीची अट पालकांनी स्वतःहून घातली की शाळेचा अर्धा विरोध मावळतो. परवानगी मिळाली तर ती लेखी घ्या. मुख्याध्यापक बदलले, बाई रजेवर गेल्या, तर तोंडी कबुली कुणाला आठवत नाही.

परीक्षांचा मुद्दा इथेच मिटवा. पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा राज्यात आता उत्तीर्ण व्हावीच लागते, म्हणून आठवीचा पेपर टाळता येणार नाही. प्रगतिपुस्तकावर आठवीच्याच पेपरचे गुण जातील. नववीच्या घटक चाचणीला मुलाने बसावं, पण ते गुण वेगळ्या कागदावर, फक्त शिक्षक आणि पालकांसाठी.

टप्पा ४ (एप्रिल-मे): मधलं पुस्तक भरून काढणं

सगळं यश या सहा-सात आठवड्यांवर आहे, म्हणून इथे जरा थांबते.

आठवीचं पुस्तक पहिल्या धड्यापासून शेवटपर्यंत वाचत सुटू नका. सुट्टी संपते आणि मूल निम्म्यावर असतं. नववीला ज्याची गरज लागते ते आधी घ्या. माझा क्रम असा.

आधी घातांक व घनमूळ. नववीच्या 'वास्तव संख्या' धड्यात करणी (२ च्या वर्गमुळासारखी, पूर्ण न सुटणारी मुळं) येतात, आणि अपूर्णांकातला घातांक म्हणजे मूळ हे पक्कं नसेल तर तिथे सगळं धूसर होतं. इथली नेहमीची चूक: ९ चं वर्गमूळ अधिक १६ चं वर्गमूळ म्हणजे २५ चं वर्गमूळ. मुलाला दोन्ही बाजू काढू द्या, एकीकडे ७, दुसरीकडे ५. चूक स्वतः पाहिली की पुन्हा होत नाही.

मग विस्तार सूत्रे, त्याला लागून बैजिक राशींचे अवयव. हे दोन धडे एकत्रच करा, कारण अवयव म्हणजे विस्तार उलटा. वर्गाची सूत्रं सातवीत झालेली असतात, घनाची आठवीत येतात, आणि ती पाठ करून चालत नाही. रोज दहा उदाहरणं, तीन आठवडे. कंटाळवाणं आहे, पण याला दुसरा रस्ता मला सापडलेला नाही.

त्यानंतर बहुपदींचा भागाकार आणि एका चलातील समीकरणे. नववीत संश्लेषक पद्धत, शेष सिद्धांत, अवयव सिद्धांत येतात. लांब भागाकार हाताने केलेला नसेल, तर शेष सिद्धांत मुलाला जादूसारखा वाटतो.

भूमिती समांतर चालू ठेवा, आठवड्यातले दोन दिवस. समांतर रेषा व छेदिका, मग त्रिकोणांची एकरूपता. बाबाबा, बाकोबा, कोबाको (बा म्हणजे बाजू, को म्हणजे कोन), कर्णभुजा या कसोट्या नुसत्या ओळखता येणं पुरेसं नाही. पक्ष, साध्य आणि सिद्धता असं मांडून, प्रत्येक ओळीपुढे कारण लिहून पान भरायला शिकवा. पुढे असलेल्या मुलांना इथेच जड जातं. त्यांना उत्तर दिसतं, म्हणून लिहायचं कशाला असं वाटतं.

मी स्वतः इथे चुकले आहे. एका मुलीचं बीजगणित इतकं स्वच्छ होतं की भूमिती मी तपासलीच नाही. तिने एकरूपतेचा धडा नुसता वाचला होता. ऑगस्टमध्ये त्रिकोणाचा धडा सुरू झाला आणि ती गप्प होत गेली. फळ्यावरची सिद्धता ती अक्षरन् अक्षर उतरवून घ्यायची, म्हणून माझ्या लक्षात यायला महिना गेला. ती परत गेली तेव्हा तिला वाटलं, आपल्याला गणित येत नाही. चूक माझी होती, आणि ती मी तिच्या आईवडिलांसमोर तिला सांगितली. तेव्हापासून भूमितीची वही पाहिल्याशिवाय मी मूल घेत नाही.

चलन, चौकोन रचना, सूट व कमिशन, चक्रवाढ व्याज, सांख्यिकी, क्षेत्रफळ हे धडे नववीत शिरण्याच्या आड येत नाहीत. ते वर्षभरात, महिन्याला एक, घरी करा. पण कराच. आठवीच्या पेपरात ते येणार आहेत, आणि वर्गात ते शिकवताना मूल तिथे नसेल.

तपासून पाहा: प्रत्येक धड्यातले सरावसंच, पुस्तक मिटून. पाचपैकी चार प्रश्न कुणाच्याही मदतीशिवाय सुटले तर पुढचा धडा.

सीबीएसईच्या पालकांसाठी: क्रमाचं तत्त्व तेच, पण धड्यांची यादी आपल्या पुस्तकातून घ्या, शेजारच्या मुलाच्या वहीतून नको. राज्य मंडळात संच नववीत येतात, सीबीएसईत अकरावीत. त्रिकोणमितीची ओळख राज्य मंडळात नववीत होते, सीबीएसईत दहावीत. आठवी-नववीत मंडळ बदलायचा विचार असेल, तर आधी मंडळ बदला, वर्षभर रुळू द्या, आणि मग उडीचं बोला.

टप्पा ५ (जूनमध्ये शाळेचा पहिला आठवडा): प्रवेश चाचणी

दोन दिवस, दोन पेपर, प्रत्येकी दोन तास. पहिला आठवीच्या बीजगणितावर, दुसरा भूमितीवर. दुसऱ्यात एक प्रश्न मी नेहमी ठेवते: त्रिकोण अबक मध्ये अब आणि अक बाजू समान आहेत. तर ब आणि क हे कोन समान आहेत, हे कोनमापक न वापरता सिद्ध कर. हे प्रमेय नववीतलं आहे, पण हत्यारं आठवीची पुरतात. अ कोनाचा दुभाजक काढायचं सुचलं की बाकोबा कसोटीने काम होतं. नाही सुचलं तरी मी नापास करत नाही, पण धडपड कागदावर दिसली पाहिजे. कच्चं काम खोडू नको, असं आधीच सांगा.

निकाल एकूण गुणांवर वाचू नका, धड्यावार वाचा. ८० पैकी ७० मिळालेत आणि गेलेले दहाच्या दहा एकरूपतेतले आहेत, तर त्या मुलाला मी अजून आत घेणार नाही. ८० पैकी ६२ आहेत, पण चुका विखुरलेल्या, बेरीज-वजाबाकीच्या, तर घेईन.

सावधान: चाचणीत उणं निघालं, तर 'बसू द्या, बघू' असं करू नका. महिनाभराने पुन्हा चाचणी घ्या. जुलैत प्रवेश झाला तरी काही बिघडत नाही.

टप्पा ६ (जून ते दिवाळी): पहिले महिने आणि खोटा दिलासा

नववीचा भाग १ संच या धड्याने सुरू होतो. त्याला आठवीतलं फारसं काही लागत नाही, त्यामुळे कुठलंही चुणचुणीत मूल जूनमध्ये चमकतं. पालकांचा फोन येतो, "मस्त चाललंय!" त्यावरून काही ठरवू नका. खरी परीक्षा दोन धड्यांत आहे: भाग १ मध्ये बहुपदी आणि भाग २ मध्ये त्रिकोण. ते दोन्ही होईपर्यंत निकाल लावू नये.

पहिल्या दिवशी मुलाला समोर उभं करून 'हा बघा आठवीतला' असं सांगू नका. दुसऱ्या-तिसऱ्या बाकावर, शांत जोडीदाराशेजारी बसवा. मोठ्या मुलांना लाजवण्यासाठी त्याला फळ्यावर बोलावणं तर कधीच नको. मधल्या सुट्टीत त्याची किंमत तो मोजतो.

वही दर पंधरा दिवसांनी बघा. उत्तरं बरोबर आहेत का ते शिक्षक बघतीलच. तुम्ही हे बघा: खाडाखोड आहे का? खाडाखोड असलेली वही चांगली. एकदम स्वच्छ झालेली वही मला घाबरवते, कारण बहुतेक वेळा मूल उतरवून घ्यायला लागलेलं असतं. दुसरी खूण म्हणजे प्रश्न विचारणं बंद होणं. तिसरी, गणिताच्या तासाच्या दिवशी पोट दुखणं.

गणपतीच्या सुट्टीआधी एकदा आणि सहामाहीनंतर एकदा, दोन्ही शिक्षक, पालक आणि मूल असे दहा मिनिटं बसा. मुलाला आधी बोलू द्या.

परत जायचं ठरलं, तर दिवाळीच्या सुट्टीनंतर दुसऱ्या सत्राच्या पहिल्या दिवसापासून जाऊ द्या. मधल्याच एखाद्या मंगळवारी नको. आठवीच्या शिक्षकांना आधी कळवा, म्हणजे ते वर्गात 'आलास का परत' असं म्हणणार नाहीत. नववीची वही मुलाकडेच राहू द्या, आणि तिच्यात जिथे गाडी अडली त्या पानावर तारीख घाला. पुढच्या जूनमध्ये तोच धडा त्याच्या वर्गात सुरू होईल, तेव्हा ते पान उघडायचं आहे.